छातीत बसला बेडूकराव

गाणं तसं भिकारच होतं. चाल म्हणाल तर तीन सुरांची, तीही कुठल्याशा बँडपथकाच्या कवायतीवरून उचललेली. शब्द म्हणाल तर 'राव'ला 'नाव', 'नाव'ला 'गाव', आणि गाव संपलं की पुन्हा 'राव'. मधूनमधून एका माणसाचा खोकला. एवढ्याशा भांडवलावर ते गाणं वर्षभर गाजलं. न्हाव्याच्या दुकानात, बसमध्ये, शाळेच्या मधल्या सुट्टीत, जिथं जावं तिथं तेच. लहान मुलं तर ते जेवताना म्हणत आणि घास घशात अडकला की खरोखरच खोकत.

भिंगरीनं हे सगळं फोनवरच रीळवाल्याला ऐकवलं. भिंगरी हे तिचं घरातलं नाव. वय पंचेचाळीस, गुडघे कुरकुरायला लागलेले, पण आईच्या तोंडी अजून भिंगरीच. आणि रीळवाला म्हणजे गाण्यांच्या एका जुन्या कंपनीतला तरुण माणूस. गोदामात पडलेल्या फिती पुसायच्या, त्यातली खरखर काढायची आणि गाणी नव्यानं बाजारात आणायची, हे त्याचं काम. मुलांच्या गमतीदार गाण्यांचा संच निघणार होता. सोबत एक पुस्तिका, आणि प्रत्येक गाण्यावर कुणीतरी जवळच्या माणसानं लिहिलेली दोन पानं.

"तुमचे वडील त्या गाण्यातला खोकला होते ना?" त्यानं विचारलं होतं.

"होते," भिंगरी म्हणाली. एखाद्याचे वडील वकील असतात, एखाद्याचे ड्रायव्हर. तिचे खोकला होते.

"मग लिहा ना. आठवणी, गमतीजमती."

"लिहीन. पण कौतुक करणार नाही."

"टीका करा की! हल्ली टीकाच जास्त वाचतात. फक्त जरा गोड असू द्या."

"कारलं साखरेत घोळलं तरी कडूच," असं म्हणून तिनं फोन ठेवला.

गाणं असं होतं:

*छातीत बसला बेडूकराव,*
*दार उघडेना, सांगेना नाव.*
*खुक्-खुक्-खुक्, खॉऽऽ!*
*कोण रे आत?*
*मी, बेडूकराव!*

पुढच्या कडव्यांत शेजारी येतात, शिक्षक येतात, शेवटी डॉक्टर येतात आणि नळी लावून विचारतात, कोण रे आत? बेडूकराव काही बाहेर येत नाहीत. चौथ्या कडव्यात मात्र ते टुणकन उडी मारतात, पाण्यात पडल्याचा डुबुक आवाज होतो, आणि पोरांच्या टाळ्या.

तो डुबुक आवाजही बाबांचाच. बाबा त्या कंपनीच्या स्टुडिओत आवाजवाले होते. गाण्यात घोडा असला की करवंट्या वाजवायच्या, वादळ असलं की पत्रा हलवायचा, पाऊस असला की पत्र्याच्या डब्यात वाटाणे फिरवायचे. त्यांच्याजवळ एक जुनी सुटकेस होती. तिच्यात सायकलची घंटा, रबरी हातमोजे, शिट्ट्या, दारांच्या कड्या असा सगळा संसार भरलेला असे. गाण्याच्या वेष्टनावर त्यांचं नाव कधी छापलं गेलं नाही. पण बेडूकरावाचं गाणं गाजलं आणि रस्त्यानं जाताना लोक त्यांना हाका मारायला लागले: "ओ बेडूकराव, खोका की एकदा!" न्हावी वस्तरा थांबवून म्हणायचा, कंडक्टर तिकीट फाडता फाडता म्हणायचा. आणि बाबा खोकून दाखवायचे. तीनदा छोटा, एकदा मोठा. माणूस भिडस्त, नाही म्हणायचं माहीतच नाही.

घरी तर हा रोजचा खेळ. घर दोन खोल्यांचं, मधे फळ्यांची भिंत आणि एक दार. बाबा आतल्या खोलीतून खोकायचे, खुक्-खुक्-खुक्, खॉऽऽ. बाहेरच्या खोलीतून भिंगरी ओरडायची, "कोण रे आत?" मग आतून बेडकाच्या घोगऱ्या आवाजात, "मी, बेडूकराव!" बाबांनी घरी सांगितलेली एक गोष्टही ठरलेली होती. संगीतकाराला म्हणे खोकणारा माणूस हवा होता. दहा जण येऊन गेले, एकाचाही खोकला तालात बसेना. बाबांचा छोटा खोकला चौथ्यांदा आला की संगीतकार टेबलावर हात आपटायचा, "चुकलास! तीनदाच! पुन्हा!" हे वाक्य घरात सगळ्यांना पाठ. बाबा कधी मुद्दाम चुकायचे, मग नऊ वर्षांची भिंगरी कमरेवर हात ठेवून संगीतकार व्हायची. आई इस्पितळाच्या धुलाईघरात इस्त्री करायची. दिवसभर चादरींशी झुंजून आलेली बाई, पण तीसुद्धा पातेल्याच्या झाकणावर ताल धरायची.

बाबांना खोकला होता, तो खराही होता, हे काही कुणापासून लपलेलं नव्हतं. बाबा म्हणायचे, स्टुडिओच्या पडद्यांची धूळ. आईनं ते मनावर घेतलं. स्टुडिओचे पडदे तिच्या हातात नव्हते, पण घरचे होते. दर रविवारी ती पडदे धुवायची, गाद्या झोडपायची, सुटकेससुद्धा ओल्या फडक्यानं आतून पुसायची. आज एकाहत्तराव्या वर्षीही तिचं धुळीशी वैर संपलेलं नाही. खुर्चीवर बसायच्या आधी ती हात फिरवून बघते.

आणि मग तो दिवस. बाबा दोन दिवस कामावर गेले नव्हते. शाळा लवकर सुटली होती. दुपारचे तीन वाजले असतील. भिंगरी बाहेरच्या खोलीत जमिनीवर पालथी पडून भूगोलाचा नकाशा रंगवत होती. आतून खोकला आला. ती म्हणाली, कोण रे आत? पुन्हा खोकला आला, पुन्हा ती म्हणाली. मग येईनासा झाला. तिला वाटलं, झोपले. तिनं समुद्र निळा रंगवून टाकला. पाच वाजता आई आली, आत गेली, आणि तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो भिंगरीनं त्यापूर्वी किंवा त्यानंतर कुणाच्याही तोंडून ऐकला नाही.

त्या रात्री शेजारणींच्या गराड्यातून आईनं तिला जवळ ओढून विचारलं, "हाक मारली होती का गं त्यांनी?"

"नाही," भिंगरी म्हणाली. "झोपले होते."

बस्स, एवढंच. दोन शब्दांचं खोटं, पण ते छत्तीस वर्षं टिकलं. आईनं ते पदराला गाठ मारून ठेवलं. जो भेटेल त्याला ती सांगायची, झोपेत गेले हो, सुखानं गेले, कुणाला हाकसुद्धा मारावी लागली नाही. आईच्या वाट्याला त्या माणसाकडून शेवटी आलेलं सुख ते एवढंच होतं. ते खोटं आहे असं सांगायला भिंगरी विसाव्या वर्षी निघाली होती, तिसाव्या वर्षी निघाली होती, आणि दर वेळी आई एखादी उशी झटकत समाधानानं म्हणायची, "सुखानं गेले," आणि भिंगरी ती उशी घेऊन जागेवर ठेवून द्यायची.

दैवाची थट्टा बघा, या बाईनं पुढं काम कुठलं पत्करलं तर लोकांचे कान तपासायचं. एका इस्पितळाच्या तळमजल्यावर जाड दाराची छोटी खोली, त्यात माणूस बसवायचा, त्याच्या कानावर हेडफोन चढवायचे, हातात बटण द्यायचं. काचेच्या अलीकडे बसून भिंगरी बारीक बारीक आवाज सोडायची. ऐकू आलं की बटण दाबा. काही लोक ऐकू न येता दाबायचे, लाजेखातर. काही ऐकू येऊनही दाबायचे नाहीत. विचार करत बसायचे, हा आवाज खरा की भास? अशांवर ती कधी चिडायची नाही. "लगेच दाबा," एवढंच म्हणायची, "चुकलं तरी चालेल."

घरी मात्र तिचा स्वभाव बिघडलेला. आईला साधा ठसका लागला तरी ही हातातलं टाकून धावायची. पाणी काय, पाठ चोळणं काय. आई वैतागायची. "अगं, ठसका लागलाय, मेले नाहीये अजून! जरा खोकूही देशील की नाही सुखानं?" भिंगरी हसायची, पण पुढचा ठसका येतो का हे बघत तिथंच उभी राहायची.

तर अशा बाईला बेडूकरावावर दोन पानं लिहायची होती. तिनं एका बैठकीत लिहून काढली. हे गाणं आजारी माणसाला हसायला शिकवतं, तिनं लिहिलं. एका माणसाच्या दुखण्याचा त्यानं ठेका केला. ज्या वयात खोकला ऐकून मुलानं उठून बघायला शिकावं, त्या वयात आम्हाला खोकला ऐकून टाळ्या वाजवायला शिकवलं. संगीतकाराला ती निर्दय म्हणाली, गीतकाराला आळशी. बाबांनाही सोडलं नाही: लोकांच्या टाळ्यांसाठी जो माणूस रस्त्यात उभा राहून आपली छाती वाजवून दाखवतो, त्याची कीव येते. हे वाक्य तिनं दोनदा खोडलं आणि तिसऱ्यांदा पुन्हा लिहिलं. खरं सांगायचं तर छत्तीस वर्षं तिला कुणाच्या तरी डोक्यावर खापर फोडायचं होतं. माणसांची डोकी जवळची होती, दुखली असती. गाण्याचं डोकं सोयीचं होतं.

पानं द्यायला ती स्वतःच स्टुडिओत गेली. पोस्टानं पाठवली असती तरी चाललं असतं, पण रीळवाला म्हणाला होता, "मूळ फीत सापडलीय. गाण्याच्या आधीचं सगळं आहे तिच्यावर, बोलणं, चुका, सगळं. तुमच्या वडिलांचा आवाजही आहे. या ऐकायला." बाबांचा बोलण्याचा आवाज तिच्याकडे नव्हता. कुणाकडेच नव्हता. होता तो फक्त खोकला आणि डुबुक.

स्टुडिओची खोली तिला अनोळखी वाटली नाही. जाड दार, भिंतींना फोमचे ठोकळे, मधे काच. फक्त या वेळी हेडफोन तिच्या कानावर होते आणि काचेच्या पलीकडे दुसरंच माणूस होतं. रीळवाल्यानं फीत फिरवली. आधी नुसती खरखर, मग खुर्ची सरकल्याचा आवाज, मग वाद्यं सुरू झाली. पोरांचा कोरस सुरू झाला. आणि मधेच कुणीतरी खोकलं.

वाद्यं थांबली. "कोण खोकलं?" हा संगीतकार असणार.

"मी. माफ करा."

भिंगरीनं दोन्ही हातांनी हेडफोन कानावर दाबून धरले. किती साधा आवाज होता! तिच्या डोक्यात तो एवढ्या वर्षांत जाड होत गेला होता, वडिलांना शोभेल असा. हा तर तरुण मुलाचा आवाज होता. आता बाबा तिच्यापेक्षा दहा वर्षांनी लहान होते.

पुन्हा गाणं सुरू झालं, पुन्हा त्याच जागी खोकला. पोरं फिदीफिदी हसली. संगीतकार काहीतरी पुटपुटला आणि मग म्हणाला, "थांब, थांब. हे बरं वाटतंय. पुन्हा खोक बघू."

"मुद्दाम?"

"मुद्दाम. तीनदा छोटा, एकदा मोठा."

बाबा खोकले. छोटाच चारदा झाला.

"चुकलास! तीनदाच! पुन्हा!"

बाबा पुन्हा खोकले. मग पुन्हा. भिंगरी मोजत होती, मोजायची तिला सवयच होती. नवव्या वेळी खोकल्यानंतर जो श्वास ओढल्याचा आवाज आला, तो तिनं इस्पितळात पुष्कळदा ऐकला होता, लोक असा श्वास ओढत कोणत्या मजल्यावर जातात हेही तिला माहीत होतं. दहा माणसं आली होती, ती तालात बसत नव्हती, ही सगळी गोष्ट बाबांनी रचलेली होती. दुसरं कुणीच आलं नव्हतं. एक आजारी माणूस इतरांचं गाणं बिघडवत होता आणि शरमेनं माफी मागत होता, एवढंच घडलं होतं.

"वा!" संगीतकार म्हणाला. "तालात खोकायला शिकलास कुठं रे?"

"घरी," बाबा म्हणाले. "पोरगी घाबरते खोकल्याला. रडायलाच लागते. मग तालात खोकतो. तालात खोकलं की हसते."

"आणि बायको?"

"तिला धूळ म्हणून सांगितलंय. तुमच्या पडद्यांची."

हशा पिकला. मग संगीतकाराचा आवाज जरा खाली आला. "खरं काय आहे?"

"डॉक्टर भरती व्हा म्हणतात. म्हटलं, होऊ की. एवढं गाणं होऊ द्या."

"बरं. चला, पुन्हा. फीत चालू."

रीळवाल्यानं यंत्र थांबवलं. त्याचा चेहरा उजळला होता. "गोड आहे ना? पोरगी हसते म्हणून! मला तर वाटतं, तुम्ही हेच लिहा."

पोरानं बिचाऱ्यानं आनंदानं दिलेलं होतं, त्याला बोल कसा लावणार? भिंगरीनं पर्समधली आपली दोन पानं बाहेर काढलीच नाहीत. "लिहिता आलं तर कळवते," ती म्हणाली. तिनं कधीच कळवलं नाही. पुढं पुस्तिका छापून आली तेव्हा त्या गाण्याच्या पानावर नुसतं बेडकाचं चित्र होतं.

निघताना त्यानं ती सगळी फीत तिच्या फोनवर घालून दिली. घरी चालत येताना तिच्या डोक्यात एकच गोष्ट फिरत राहिली. खेळ गाण्यातून आलेला नव्हता. गाणं खेळातून आलं होतं. खोकल्याला घाबरून रडणारी एक मुलगी होती, खोकला ऐकल्यावर घाबरायला हवं एवढी अक्कल तिला उपजत होती, आणि बाबांनी मायेनं, कौतुकानं, रोज थोडं थोडं करून ती अक्कल तिच्यातून काढून टाकली होती. गाण्यावर खापर फोडायची सोय गेली. बाबांवर फोडावं तर हात उठत नव्हता. राहिलं कोण?

आई वाटच बघत होती. इस्त्रीचे कपडे घालून, केस नीट बांधून, पाहुणा येणार असल्यासारखी खुर्चीत बसलेली. टेबल पुसून लख्ख केलेलं.

"आणलंस? लाव लाव. किती वर्षं झाली ऐकून."

भिंगरीनं मनाशी ठरवलं होतं की नुसतं गाणं ऐकवायचं. फितीच्या शेवटी पुरं झालेलं गाणं होतं, ते तिनं शोधून ठेवलं होतं. पण बोट घसरलं आणि फीत पहिल्यापासून सुरू झाली. खरखर. खुर्ची. कोरस. खोकला.

"कोण खोकलं?"

"मी. माफ करा."

भिंगरीनं थांबवायला हात पुढं केला. आईनं तिचं मनगट पकडलं. इस्त्रीनं घडलेली ती बोटं म्हातारपणीही चिमट्याची होती.

"थांब," आई म्हणाली. "ते बोलतायत."

मग काय थांबवणार? दोघींनी सगळं ऐकलं. आई आधी हसत होती. डोळे मिटून, मान हलवत, त्या आवाजाकडे कान करून. 'तिला धूळ म्हणून सांगितलंय' आलं तेव्हा तिची मान थांबली. फीत संपली तरी तिनं मनगट सोडलं नाही.

"पडदे," ती म्हणाली. "दर रविवारी धुतले गं मी. थंडीत हात फुटायचे. हे पलंगावर बसून बघायचे, आणि म्हणायचे, बघ, आज बरं वाटतंय."

भिंगरीनं मोकळ्या हातानं फोन पालथा घातला.

"मला सांगितलं असतं तर मी त्यांना उचलून नेऊन भरती केलं असतं. पाठीवर घालून नेलं असतं." आईचा आवाज चढला आणि तसाच बसला. ती टेबलावरून हात फिरवत राहिली, धूळ नसलेल्या जागेवरून. मग हात थांबला. तिनं मान वर करून लेकीकडे पाहिलं.

"भिंगरे, त्या दिवशी तू हसली होतीस का?"

छत्तीस वर्षं जो प्रश्न येईल म्हणून ती भीत होती, तो असा येईल असं तिला वाटलं नव्हतं. खोटं बोलायला अजूनही जागा होती. एक शब्द पुरला असता. आई म्हातारी होती, तिनं तो शब्द घेतला असता, उशीसारखा झटकून पुन्हा जागेवर ठेवला असता.

"हो," भिंगरी म्हणाली. "ते झोपले नव्हते, आई."

"सांग."

"मी नकाशा रंगवत होते. ते खोकले. मी म्हटलं, कोण रे आत. त्यांनी बेडकाचा आवाज काढला नाही. मला वाटलं, माझी फजिती करतायत. परत खोकले. मी परत म्हटलं. मग..." हे तिनं आजवर स्वतःशीसुद्धा मोठ्यानं म्हटलं नव्हतं.

"मग?"

"मग ते दोनदाच खोकले. बारीक. तिसरा आलाच नाही. आणि मी ओरडले." ती आता नऊ वर्षांच्या मुलीसारखी हुंदके देत होती. "मी ओरडले, चुकलात बाबा! तीनदा! पुन्हा!"

आईनं तिचं मनगट सोडलं.

"आणि त्यांनी केलं, आई. पुन्हा केलं. नीट, तीनदा. मी टाळ्या वाजवल्या. मग काही आलं नाही."

आई उठली. टेबलाला धरून, खुर्चीला धरून, भिंतीला धरून ती आपल्या खोलीत गेली आणि तिनं दार लावून घेतलं. कडी लावल्याचा आवाज आला. बाबांच्या सुटकेसमध्ये असल्या कड्या सहा होत्या, प्रत्येकीचा आवाज वेगळा.

भिंगरी दाराबाहेर जमिनीवर बसली. आत काहीच हालचाल नव्हती. आवाज द्यावा तर काय म्हणून द्यावा? तिला दार वाजवायचं होतं, आत कशी आहेस विचारायचं होतं. पण बंद दाराशी आत कोण, आत कसं असं काहीही विचारायला तिची जीभ उचलेना. आईचं सुख तिनं काढून घेतलं होतं. झोपेत गेलेला माणूस तिनं आज पुन्हा जागा केला होता आणि पुन्हा खोकायला लावला होता. खरं बोलल्यावर मन हलकं होतं म्हणतात. ज्यांनी म्हटलं त्यांना हलक्या गोष्टीच लपवायच्या असतील. खिडकीतलं ऊन भिंतीवरून सरकत छतापाशी गेलं.

आत आई खोकली. एकदा. मग दोनदा.

भिंगरी अशी उठली की तिचा खांदा दारावर आपटला. "आई! आई, दार उघड!" ती दोन्ही हातांनी दार बडवायला लागली. कडी निघाली. आई उभी होती. चेहरा धुतलेला, केसांतून पाणी निथळतंय, डोळे सुजलेले. एवढ्याशा वेळात ती खूप म्हातारी झाली होती. ती लेकीला जवळ घेईल असं क्षणभर वाटलं. तिचा हात उठलाही, पण अर्ध्यावरून खाली गेला.

"ठसका होता," ती म्हणाली. "पाणी प्यायले."

"बरं."

"तू लहान होतीस. ते मला कळतं." तिनं पदरानं चेहरा टिपला. "कळतं. पण आज मला तुझ्याकडे बघवत नाहीये. उद्या बघेन."

"बरं, आई."

आई दाराच्या चौकटीला धरून उभीच राहिली. मग ती बोलली, लहान मुलाला शाळेचा रस्ता समजावून सांगावा तसं, एकेक शब्द सुटा करून.

"भिंगरे, नीट ऐक. मला काही झालं ना, तर मी हाक मारीन. नाव घेऊन, मोठ्यानं. खोकणार नाही."

"हो."

"आणि तू पहिल्या हाकेला उठायचं," आई म्हणाली, आणि तिचा आवाज फुटला. "मला पुन्हा म्हणायला लावायचं नाही."